बिल तुमचं, पण गोळी कोण निवडतं?

मागच्या अंकात बीपीच्या गोळ्यांबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहून गेले होते, की औषधाच्या दुकानात पैसे देणारा माणूस वेगळा आणि गोळी निवडणारा माणूस वेगळा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सोलापुरात 27 वर्षं माझं मेडिकल आहे, त्यामुळे बरंचसं काउंटरवर उभं राहून बघितलेलं आहे, आणि जिथे कायद्याचा विषय आहे तिथे कायदा आहे तसा सांगते.

प्रश्न : ताई, माझी आई विड्या वळते. तिला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. महिन्याला औषधाला 1,800 ते 2,000 जातात आणि हजार विड्या वळून हातात काय पडतं ते तुम्हाला माहितीये. टीव्हीवर सांगतात सरकारने औषधांचे दर बांधले, मग आमच्या बिलात ते दिसत का नाही? चिठ्ठीचा आणि बिलाचा फोटो पाठवतेय.
— एक मुलगी, अशोक चौक

उत्तर : फोटो पाठवलास ते फार बरं केलंस गं, नाहीतर मी नुसतं हवेत बोलले असते. चिठ्ठीवर पाच ओळी आहेत. पहिली शुगरची गोळी, तिच्यात तीन औषधं एकत्र, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज. दुसरी बीपीची, तिच्यात दोन. तिसरी कोलेस्टेरॉलची, चौथी गॅसची, आणि पाचवी व्हिटॅमिनची कॅप्सूल, चकचकीत पाकिटातली, रोज एक. आता बिल शेजारी धरून बघ. सगळ्यात मोठा आकडा शुगरचा नाही आणि बीपीचाही नाही, त्या कॅप्सूलचा आहे. त्याच्या खालोखाल तीन-एकत्र गोळीचा.

दर बांधलेत हे खरंच आहे. एनपीपीए नावाचं प्राधिकरण 1997 पासून हेच काम करतं आणि आत्ता चालू असलेला आदेश 2013 चा आहे. पण त्या आदेशाने वरची मर्यादा बांधली जाते ती मुख्यतः आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना, आणि 2022 च्या यादीत 384 औषधं आहेत. औषध म्हणजे नुसतं नाव नव्हे, नाव आणि ठरावीक ताकद. मेटफॉर्मिन एकटं यादीत आहे, ग्लिमेपिराइड एकटं यादीत आहे, पण तिघांची मोट बांधली की ती गोळी यादीबाहेर गेली. काही जोडगोळ्यांना प्राधिकरण वेगळी किंमत ठरवून देतं, तरी यादीतल्या सुट्या गोळीसारखा लगाम सगळ्यांना नसतो, आणि यादीबाहेरच्या औषधाला एकच नियम, वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. सुरुवातीला किती ठेवायची ते कंपनीच्या हातात! व्हिटॅमिनच्या अशा कॅप्सूलचं तर बोलायलाच नको, त्यातल्या कितीतरी औषध म्हणून विकायलाच नसतात, फूड सप्लिमेंट म्हणून येतात, म्हणजे औषधांच्या दराचा आदेशच त्यांना लागत नाही.

बरं, यादीतल्या औषधाचा दर तरी कसा बांधतात ते ऐक, कारण इथे माझं मन खरंच दुखतं. 1995 च्या आदेशात 74 मूळ औषधं होती आणि तयार करायला खर्च किती येतो त्यावरून किंमत ठरायची. 2013 पासून खर्च बघतच नाहीत, बाजार बघतात. ज्या ब्रँडचा खप 1 टक्क्याच्या वर आहे त्या सगळ्यांची दुकानदाराला पडणारी किंमत घ्यायची, साधी सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे 16 टक्के. समजा एकाच गोळीचे तीन ब्रँड आहेत, मला एक 2 रुपयाला पडतो, दुसरा 6 ला, तिसरा 10 ला. सरासरी 6, वर 16 टक्के, झाले 6 रुपये 96 पैसे, शिवाय जीएसटी. दहावाल्याला खाली यावं लागलं हे मान्य, पण त्याच बाजारात 2 रुपयाला विकूनही एकजण धंदा करतोय हे डोळ्यासमोर असताना मर्यादा जवळजवळ 7 वर जाऊन बसली. आणि ही मर्यादासुद्धा दर एप्रिलला घाऊक महागाईच्या आकड्याने हलते, 2022 मध्ये साधारण 10.8 टक्के आणि 2023 मध्ये 12.12 टक्के वाढीची परवानगी मिळाली होती, 2024 मध्ये मात्र आकडा जवळजवळ शून्य होता.

आता आईसाठी. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, बदलायची नाही, हे आधी. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचार, की सर ही तीन-एकत्र गोळी सुटी करून देता येईल का, गॅसची गोळी अजून लागतेय का, आणि व्हिटॅमिनची कॅप्सूल कशासाठी चालू आहे. घाबरू नको, नीट विचारलं की बहुतेक डॉक्टर नीट सांगतात. कधीकधी एकत्र गोळी देण्यामागे कारण असतं, म्हाताऱ्या माणसाला चार गोळ्या लक्षात राहत नाहीत, एक राहते. कारण कळलं तर पैसे देतानाही जिवाला बरं वाटतं.

प्रश्न : जनऔषधीची गोळी स्वस्त असते म्हणून पाणचट असते, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. खरं काय?
— गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : पाणचट नसते. ही सरकारी योजनेची दुकानं 2008 पासून आहेत, माल डब्ल्यूएचओ-जीएमपी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या दर्जाच्या कारखान्यातून घेतात आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून मग पुढे जाते. स्वस्त का, तर एकगठ्ठा खरेदी आहे आणि ब्रँडची जाहिरात, एमआरचा, म्हणजे कंपनीची औषधं घेऊन डॉक्टरांकडे फिरणाऱ्या माणसाचा पगार, डॉक्टरांच्या कॉन्फरन्स यातलं काहीच त्या किमतीत नाही. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या किंवा अशा दुसऱ्या अवघड औषधांना, कंपनी कुठलीही असो, मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं हे दाखवल्याशिवाय 2017 पासून परवानाच मिळत नाही.

पण तुमच्या गल्लीतली शंका मी उडवून लावणार नाही, कारण आपल्याकडे खराब माल सापडतो आणि तपासणारे ड्रग इन्स्पेक्टर कमी आहेत, ते वाढवले पाहिजेत. तो प्रश्न महागड्या गोळीलाही तेवढाच आहे. एकच काळजी घ्या, थायरॉइडची आणि फिटची गोळी दर महिन्याला वेगवेगळ्या कंपनीची घेऊ नका, एक ठरवा आणि डॉक्टरांना सांगून तीच चालू ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे एक दुकान सरसकट 20 टक्के सूट देतं, दुसरा जेनेरिकवर 60 टक्के. एवढी सूट त्यांना परवडते कशी?
— नोकरदार, होटगी रोड

उत्तर : परवडते, कारण पाकिटावर छापलेली किंमत खरी किंमतच नसते. यादीतल्या औषधावर दुकानदाराला 16 टक्के आणि होलसेलरला 8, बाकीच्यावर 20 आणि 10, हा चालत आलेला हिशोब आहे. त्यातून 20 सूट दिली तर खिशातून जातील. पण बाजारात जेनेरिक औषधांची एक जात आहे जी कंपनी एमआर न फिरवता थेट दुकानदाराला देते, छापील किंमत ब्रँडएवढी आणि दुकानदाराला पडते त्याच्या पाव हिश्शात, कधी त्याहूनही कमी. मग 60 टक्के सूट देऊनही हातात भरपूर उरतं. माझ्याच काउंटरवर असा माल येतो आणि त्यावर किती सूट द्यायची हे सर्वस्वी मी ठरवते, हे मला स्वतःला बरोबर वाटत नाही, ते आजारी माणसाच्या ओळखीपाळखीवर आणि घासाघीस करायच्या हिमतीवर ठरायला नको.

उपाय अवघड नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये सरकारने कॅन्सरच्या 42 औषधांवर व्यापारातला एकूण नफा 30 टक्क्यांवर बांधला, आणि यादीबाहेरच्या औषधांनाही जनहितासाठी हात घालता येतो हे 2013 च्या त्याच दर-आदेशाच्या कलम 19 ने दाखवून दिलं. तोच धागा सगळ्या जेनेरिकपर्यंत ओढायला हवा. तोवर सूट किती हे विचारू नका, गोळी कितीला पडली ते विचारा. फार्मा सही दाम नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात नाव टाकलं की बाकी कंपन्यांचे दर दिसतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. तुम्ही एकेका दुकानाचं सांगता, पण अख्ख्या देशाचा औषधांवरचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर काय करतात? दुसऱ्या देशांनी काय केलं, आणि आपल्याला त्यातलं काय जमेल?
— बाळीवेस

उत्तर : सर, या प्रश्नाचं उत्तर मी मनात बरीच वर्षं घोळवतेय. खर्च म्हणजे किंमत गुणिले किती गोळ्या, आणि त्याच्याही आधी कोणती गोळी. आपण नुसत्या किमतीच्या मागे लागतो. किंमत दाबली की कंपनी दुसऱ्या ताकदीची, दुसऱ्या जोडीची गोळी काढते आणि चिठ्ठीवर ती येते, एकूण बिल तिथेच. म्हणून ज्या देशांनी खर्च खरोखर धरला त्यांनी सगळ्यांच्या वतीने खरेदी करणारा एक मोठा गिऱ्हाईक उभा केला. एकट्या माणसाला आजारपणात भाव करता येत नाही, लाखो लोकांच्या वतीने बसलेल्याला येतो.

न्यूझीलंडने 1993 मध्ये फार्मॅक नावाची संस्था काढली, तिला वर्षाची रक्कम ठरवून दिलेली असते, तेवढ्यातच देशाची औषधं बसवायची. त्यामुळे ती कंपन्यांना समोरासमोर बसवते, ज्याचा भाव चांगला त्याची गोळी यादीत. काही नवी औषधं तिथल्या लोकांना उशिरा मिळतात, ती किंमत त्यांना मोजावी लागते. इंग्लंडमध्ये 1999 पासून नाइस ही संस्था नव्या औषधाने आयुष्यात नेमकी किती भर पडते आणि त्याला पैसे किती, हे तोलून मग सरकारी सेवेत घ्यायचं की नाही ते सांगते, आणि शिवाय ब्रँडेड औषधांची विक्री ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर कंपन्यांनी वरचे पैसे सरकारला परत करायचे असा करार आहे. अमेरिकेत उलटं होतं, तिथे 2003 च्या कायद्याने म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला औषधांचा भाव करायलाच बंदी घातली होती, ती 2022 च्या कायद्याने उठायला लागली, त्या विम्यातल्यांना इन्सुलिन महिन्याला 35 डॉलरच्या वर पडणार नाही असं 2023 पासून झालं आणि भाव करून ठरवलेल्या पहिल्या 10 औषधांचे दर 1 जानेवारी 2026 पासून लागू झाले. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, त्यालाही इथेच यावं लागलं.

पण सर, एवढं लांब कशाला, चेन्नईला जा. तमिळनाडूने 1994 मध्ये सरकारी औषध खरेदीचं महामंडळ काढलं. औषध ब्रँडने नाही तर मूळ नावाने मागवायचं, उघड टेंडर, प्रत्येक बॅचची तपासणी, जिल्ह्याला गोदाम, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक, त्यात वर्षाची रक्कम जमा, जेवढं औषध उचललं तेवढं त्यातून वजा. मला त्या पासबुकाचं फार कौतुक आहे. कारण त्यामुळे कुठल्या दवाखान्याला काय लागतं ते वरच्यांनी ठरवायचं नाही, तिथल्या डॉक्टरने ठरवायचं, आणि पैसेही त्याच्या डोळ्यासमोर. राजस्थानने तोच रस्ता धरून 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी दवाखान्यात औषध मोफत केलं.

आपल्या महाराष्ट्रात खरेदी आधी विभागवार, मग 2017 पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे, आणि 2023 मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले, फार चांगली गोष्ट. पण सोलापूरकरांनी एक लक्षात घ्यावं, तो निर्णय प्राथमिक केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं अशांसाठी होता, आपलं सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाचं, ते दुसऱ्या खात्याखाली येतं. आणि मोफत म्हटलं तरी कपाटात गोळी असावी लागते. सरकारी कागदावर दुसऱ्याच औषधांची नावं लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन माणसं माझ्याकडे येतात, आत नाही, बाहेरून घ्या म्हणून सांगितलेलं असतं. मागे एक आजोबा आले, 10 गोळ्या लिहिलेल्या, त्यांनी 4 मागितल्या, आणि उरलेल्या सोमवारी नेतो म्हणाले, मुलगा पावरलूमवर आहे, पगार सोमवारी. अँटिबायोटिक होतं ते, मध्ये खंड पडून चालत नाही. मी 10 च्या 10 दिल्या आणि पैसे सोमवारी घेतले. पण देशाचा औषधखर्च सावरायचं काम दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर सोडायचं का? मला हे महामंडळ, ही पासबुकं सोलापुरात बघायचीयेत.

प्रश्न : मी एमआर आहे. लोक आम्हालाच चोर समजतात, आम्ही टार्गेटवर जगतो, गाडीला पेट्रोल घालून दिवसाला दहा-बारा डॉक्टर करतो. नव्या औषधाची माहिती डॉक्टरांना आम्हीच देतो ना?
— सात रस्ता

उत्तर : भाऊ, तुमच्यावर माझा राग नाही, माझ्या दुकानाच्या बाकड्यावर उन्हाचे टेकलेले तुमच्यासारखे कितीतरी जण मी बघितलेत आणि त्यांना पाणी दिलंय. प्रश्न तुमचा नाही, तुमच्या बॅगेत काय देऊन पाठवतात त्याचा आहे. डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तू आणि टूर कंपन्या खर्च म्हणून दाखवून टॅक्समधून वजा करायच्या, ते फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केलं. मार्च 2024 मध्ये मार्केटिंगची आचारसंहिताही आली, भेटवस्तू नाही, डॉक्टरच्या घरच्यांना प्रवास नाही, सॅम्पलवर मर्यादा. पण तक्रार ऐकणारी समिती कंपन्यांच्याच संघटनेची. घरच्या पोराची तक्रार घरच्यांकडेच करायची, निकाल काय लागणार?

आणि चिठ्ठीवर मूळ नाव लिहावं हा नियम जुनाच आहे, 2002 चा, 2016 मध्ये तो आणखी स्पष्ट केला. ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सक्तीचं म्हणून आणलं आणि तीन आठवड्यांत स्थगित केलं. इकडे मला कायद्याने चिठ्ठीतला ब्रँड बदलून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं द्यायची मुभा नाही. म्हणजे चिठ्ठीवर ब्रँड लिहिला की निवड तिथेच संपली. एवढी एक ओळ बदलली तर तुमचंही टार्गेट माणुसकीचं होईल.

प्रश्न : ताई, मी बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅन्सरची आणि शुगरची नवी औषधं एवढी महाग का, आणि ती स्वस्त कधी होतात?
— विद्यार्थी

उत्तर : पेटंट, म्हणजे ठरावीक वर्षं ते औषध विकायचा एकाच कंपनीला मिळालेला हक्क. आपल्या 1970 च्या कायद्यात औषधाला नाही तर बनवायच्या पद्धतीला पेटंट मिळायचं, म्हणून आपल्या कंपन्यांनी दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवून जगाला स्वस्तात दिलं. 2005 पासून औषधालाच पेटंट आलं. तरी दोन दारं आपण उघडी ठेवली आणि दोन्ही तू अभ्यासात नीट वाच. एक, कलम 3(ड), जुन्या औषधात गुण न वाढवता थोडा फेरफार करून नवं पेटंट मागता येणार नाही. त्याच्यावर 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाचा दावा फेटाळला. दुसरं, सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची मर्जी नसली तरी दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवू द्यायचं. मार्च 2012 मध्ये बायर कंपनीच्या सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधासाठी तो नॅटको कंपनीला दिला, महिन्याचं औषध सुमारे 2,80,000 रुपयांचं होतं, ते 8,880 वर आलं. दोन आकडे परत वाच. पण तो परवाना आपल्याकडे आजवरचा एकमेव, तेव्हापासून ते दार पुन्हा उघडलंच नाही.

स्वस्त कधी होतात ते मी काउंटरवर बघितलं. एम्पाग्लिफ्लोझिन, शुगरची गोळी, साधारण 60 रुपयाला एक. 11 मार्च 2025 ला पेटंट संपलं आणि त्याच आठवड्यात होलसेलरच्या यादीत नवीन नावं यायला लागली, दहा रुपयांच्या आतबाहेर. गोळी तीच. एक बाई दर महिन्याला 15 च घेऊन एक दिवसाआड खायच्या, त्यांना मी फोन करून बोलावलं, म्हटलं डॉक्टरांकडून नवीन चिठ्ठी आणा, आता रोजची परवडेल. त्यांनी ती आणल्यावर 30 गोळ्या मोजून देताना मलाच भरून आलं.

प्रश्न : घरात उरलेल्या गोळ्यांचा डबा भरलाय. टाकू की ठेवू?
— दमाणी नगर

उत्तर : डबा आधी ओतून बघा, तारीख गेलेल्या बाजूला काढा. अर्धवट राहिलेली अँटिबायोटिक असतील तर ती पुढच्या तापाला म्हणून ठेवू नका, शेजारच्यांना तर मुळीच देऊ नका. बेसिनमध्ये किंवा नाल्यात टाकू नका, पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवून कचऱ्यात द्या म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही. चालू असलेल्या गोळ्या मात्र मोजा आणि पुढच्या चिठ्ठीच्या वेळी डॉक्टरांना आकडा सांगा, घरात 22 शिल्लक आहेत म्हणून. तेवढ्या कमी घ्या, आणि स्ट्रिप कापून मागितलीत तर बॅच नंबर आणि तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा.